मुरलेल्या तंबाखूची बखर

वाचकहो, गोष्ट आमच्या कॉलेजातली आहे. इतिहासाचा तास संपला होता आणि मुले बाहेर पडत होती. शेवटच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याच्या पिशवीतून एक लहानशी बाटली निसटली आणि घरंगळत माझ्या टेबलापाशी आली. अंगठ्याएवढी, वर निमुळते टोक, डोळ्यांत घालायच्या औषधाची असते तशी. आत पिवळसर पाणी. मी ती उचलली आणि झाकणाला हात लावला, तोच तो मुलगा धावत आला आणि कळवळून म्हणाला, "सर, आत्ताच नका उघडू जी. मुरू द्या तिले. अजून आठ दिवस आहेत."

"लोणचं आहे का रे हे?" मी विचारले. मागे राहिलेली चार-दोन पोरे हसली. तो मात्र हसला नाही.

मग सगळे गेल्यावर त्याने हळूहळू सांगितले. बाटलीत होते ते वाफेच्या सिगारेटीत, म्हणजे ई-सिगारेटीत, घालायचे द्रव. या सिगारेटीत विस्तव नसतो. विजेवर तापणारी एक बारीक तार असते, ती या द्रवाची वाफ करते आणि ओढणारा ती वाफ ओढतो. कुठून तरी चोरून आणलेले सामान मिसळून हे द्रव करायचे आणि मग लगेच वापरायचे नाही. घरी कपाटात, कपड्यांच्या मागे, अंधारात पंधरा दिवस ठेवायचे. रोज एकदा बाटली हलवायची. मधूनमधून झाकण उघडून वारा द्यायचा. फारच घाई असेल तर बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. रंग गडद होत गेला की समजायचे, चव बसली. "ताजी घेतली तर घशाला लागते सर. मुरली की एकदम मऊ."

आता मी इतिहासाचा मास्तर. रागावायचे होते, ते मी पुढे रागावलोही. पण खरे सांगतो, त्या क्षणी माझे मन त्या एका शब्दातच अडकून बसले. मुरणे! आमच्या घरी उन्हाळ्यात आजी कैरीचे लोणचे घालीत असे. बरणीला पांढरा दादरा बांधून ती बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर जाई, आणि आम्हा पोरांपैकी कुणाचा हात तिकडे वळला की आजी ओरडे, "हात नको लावू रे, मुरू दे त्याले!" मुरणे हा आपल्या भाषेतला केवढा मायेचा शब्द आहे! लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, पाऊस जमिनीत मुरतो. चार पावसाळे पाहिलेल्या माणसाला आपण मुरलेला माणूस म्हणतो. जे मुरले ते चांगले झाले, असे आपण न तपासता धरून चालतो. माझ्या विद्यार्थ्यानेही तसेच धरले होते.

पण मुरणे नेहमीच चांगले असते का? त्या मुलाला वाटत होते की आपण काही नवीनच विद्या शिकलो. ती विद्या नवीन नाही. तंबाखू मुरवून तिचा कडवटपणा मारायचा आणि ती घशाखाली गोड करून उतरवायची, हा उद्योग आपल्या दख्खनच्या मातीत जवळजवळ चारशे वर्षे चालू आहे. त्याचीच बखर आज तुमच्यापुढे मांडतो.

बखरीची सुरुवात विजापुरात होते. तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातले झाड. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि घाट चढून आदिलशाहीत आले. त्या वेळी विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशाह होता. अकबराने आपला असद बेग नावाचा सरदार विजापूरला पाठवला होता. शाहजादा दानियाल याच्यासाठी विजापूरची राजकन्या आणण्याच्या कामी त्याची नेमणूक होती. या असद बेगाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. विजापुरात त्याने तंबाखू पाहिली. उत्तरेत त्याने तसले काही पाहिले नव्हते. १६०४ च्या सुमारास परत जाताना त्याने ती बरोबर घेतली आणि तिच्यासाठी रत्ने जडवलेली, मीनाकाम केलेली एक लांब नळी तयार करवून बादशहापुढे ठेवली.

पुढे दरबारात जो वाद झाला तो आजच्या शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले तेव्हा राजवैद्य पुढे झाला. त्याचे म्हणणे असे की या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काही नाही, ती कुणी पारखलेली नाही, न पारखलेले औषध बादशहांना मी कसे देऊ? असद बेगाने उत्तर दिले की जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीनच होती, आणि परदेशचे शहाणे लोक जे घेतात ते काही विचार केल्याशिवाय घेत नसतील. अकबराला हे बोलणे आवडले. पण गंमत पाहा, बोलणे आवडले तरी त्याने स्वतः तंबाखूची सवय काही लावून घेतली नाही. असद बेगाने उरलेली तंबाखू सरदारांत वाटून टाकली. आणखी कुणाकुणाची मागणी आली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली, आणि थोड्याच दिवसांत ती सगळीकडे पसरली. अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखूची मनाई केली. पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. वैद्य हरला आणि वाणी जिंकला, असे म्हणा ना.

ती पहिली तंबाखू कशी असेल? वाळलेले पान जसेच्या तसे पेटवले तर धूर उग्र होतो, घशाला ओरबाडतो, ठसका लागतो, डोक्यात चक्कर येते. हे शरीराचे नाही म्हणणे आहे. लहान मूल पहिल्यांदा मिरची चाखते आणि तोंड फिरवते, तसेच. पण ज्याला विकायचे आहे त्याला हे नाही म्हणणे परवडत नाही, आणि ज्याला सवय लागली आहे त्यालाही ते नको असते. तेव्हा दोघांनी मिळून शोधून काढलेला उपाय म्हणजे मुरवणे.

पाण्यातून धूर ओढायचा हुक्का रूढ झाला तसे हे शास्त्र वाढले. तंबाखू कुटायची, तिच्यात गूळ किंवा काकवी घालून मळायची, आणि तो काळा गोळा मडक्यात भरून ठेवून द्यायचा. या गूळ-तंबाखूलाच गुडाकू हे नाव पडले. गुड आणि तमाखू, एवढा साधा त्याचा विग्रह. श्रीमंतांच्या हुक्क्यासाठी याहून थाटाचा प्रकार होता, त्याचे नाव खमीरा. खमीर म्हणजे आंबवण. त्यात गुळाबरोबर बोरे, फणस, अननस अशी फळे आणि सुगंधी मसाले पडत, आणि मडक्याचे तोंड बंद करून ते महिनोन्‌महिने जमिनीत पुरून ठेवत. वर काढले की त्याला फळांचा, मधाचा वास यायचा. माझ्या विद्यार्थ्याच्या बाटलीवर आंब्याचे चित्र होते, हे इथे सांगायला हरकत नाही.

आणि ही युक्ती काही आपल्याच देशात चालत होती असे नाही. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या ब्राझीलमध्ये, बाहिया प्रांतात, तंबाखूची पाने दोरासारखी वळून तिला काकवी चोपडत आणि चामड्यात गुंडाळून जहाजांवर चढवत. ब्राझीलची तंबाखू आपल्या गोव्यापर्यंत पोचत असे. तिथे तिच्या विक्रीचा मक्ता सरकारच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होता. पण त्यातला खरा कारभार निराळाच. लिस्बन शहराने नाकारलेली तिसऱ्या प्रतीची पाने फेकून देत नसत. त्यांना काकवीचा जास्त हात द्यायचा, की तीच पाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आवडीने घेतली जात. आणि त्या मालाच्या बदल्यात तिथे काय घेतले जाई? माणसे. गुलाम! गोडी कशाकशावर पांघरूण घालू शकते, त्याचे याहून भयंकर उदाहरण मला इतिहासात फारसे दिसत नाही.

आता आपण दरबारातून आणि बंदरातून शेतात येऊ, कारण मुरवण्याचे खरे काम शेतात आणि वखारीतच होते. विडीच्या तंबाखूसाठी निपाणीचे नाव तुम्ही ऐकले असेल. बेळगाव जिल्ह्यातला हा मराठी बोलणारा मुलूख, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तिथे पाने पिकून त्यांच्यावर तांबूस ठिपके दिसू लागले की पीक कापतात आणि उन्हात वाळवतात. वाळलेल्या पानांचा ढीग लावला की तो आतून तापतो. ज्यांच्या घरी शेणखताचा उकिरडा आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. ढिगातली ओल, पानातला रस आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू मिळून हे काम करतात. ढीग जास्त तापू नये म्हणून तो उलटापालटा करावा लागतो. हिरव्या पानाचा कच्चा वास जातो, अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो, रंग तपकिरी होतो आणि धूर मऊ होतो.

पण मुरायला वेळ लागतो आणि वेळ कुणाकडे असतो? शेतकऱ्याला सावकाराचे देणे असते, घरात लग्न असते, पुढच्या पेरणीचे बी घ्यायचे असते. त्याला थांबता येत नाही. वखारवाल्याला थांबता येते. म्हणून जी चव काळ देतो तिचा पैसा ज्याने घाम गाळला त्याला कमी आणि ज्याने दार लावून कुलूप घातले त्याला जास्त मिळत आला. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी योग्य भावासाठी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच गावच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बाया तिची धूळ नाकातोंडात घेऊन राबत होत्या आणि त्याच काळात मजुरीसाठी संघटित होऊन उभ्या राहत होत्या. मुरलेल्या तंबाखूच्या चवीत हेही सगळे मुरलेले आहे, ते विसरून चालणार नाही.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. आपल्याकडे तंबाखू बाहेरून आली, पण तिचे पांघरूण इथल्या रानाने दिले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या टेंभुर्णीच्या झाडाला उन्हाळ्यात कोवळी पाने फुटतात, तोच तेंदूपत्ता. गेल्या शतकाच्या आरंभी, १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर, गुजरातेतली काही कुटुंबे रेल्वेच्या कामाच्या आणि धंद्याच्या शोधात जबलपूरकडे आली. १९०२ च्या सुमारास तिथे छापाची विडी बाजारात आली, आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या आधाराने हा धंदा गोंदियापर्यंत आणि तिथून आसपासच्या खेड्यांत पसरला. या धंद्यातही एक मुरवणे आहेच. विडी वळणारी बाई तेंदूची पाने आदल्या रात्री भिजत घालते आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. सकाळी ती मऊ झाली की साच्यावर ठेवून कात्रीने कापते. पान मुरले नाही तर वळताना फाटते, आणि फाटलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी कायदा झाला. तरी ज्यांच्या आया घरी विडी वळत होत्या, त्यांना त्या ओल्या पानांचा आणि सुक्या तंबाखूचा वास अजून आठवत असेल.

नागपूरने मात्र थांबण्याचेही काम काढून टाकले. आपला खर्रा मुरत नाही, तो घोटला जातो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घेऊन टपरीवाला जोर लावून रगडतो. काळाने जे काम सावकाश करायचे ते तो मनगटाने दोन मिनिटांत करतो. गडचिरोली-गोंदियाच्या बाजूला आणि शेजारच्या छत्तीसगडमध्ये गुडाकूचा उपयोग बदलला. हुक्का गेला आणि गुडाकू दात घासायला आली. आयाबाया ती बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात. धूर नाही, म्हणून व्यसन नाही, अशी त्यांची समजूत. २०१२ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण दर चार प्रौढ माणसांमागे एक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतो असे दिसले, आणि त्यांतले बहुतेक ती ओढणारे नव्हते तर तोंडात धरणारे होते. गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या प्रेरणेने 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम गावोगाव दारू-तंबाखू सोडवण्याचे काम करीत आहे, ते याच कारणाने.

इथवर आपण इतिहास पाहिला. आता एक प्रश्न विचारतो. तंबाखू मुरते तेव्हा तिच्यातले नेमके काय जाते आणि काय राहते?

जाते ते आधी सांगितले. कच्चा वास जातो, तिखटपणा जातो, ओरबाडणे जाते. थोडे निकोटीनही कमी होते. पण सवय लावणारे हे द्रव्य कामापुरते राहतेच. १८२८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी ते तंबाखूतून शुद्ध रूपात वेगळे काढले. शुद्ध निकोटीनला रंग नसतो. हवा लागली की ते पिवळे पडते आणि मग तपकिरी होते. ते जहाल विष आहे आणि कातडीतूनही अंगात भिनते. दहिवराने भिजलेली हिरवी तंबाखू खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर का येतात, त्याचे कारण हेच.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मुरताना नवे काय तयार होते? पान वाळताना आणि ढिगात आंबताना त्यातली निकोटीनसारखी द्रव्ये नायट्राइटशी मिळतात आणि नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये जन्माला येतात. हिरव्या पानात ती जवळजवळ नसतात. त्यांतली दोन माणसाला कर्करोग करणारी म्हणून जागतिक संस्थेने पहिल्या वर्गात घातली आहेत. म्हणजे पाहा, ज्या थांबण्याने धूर मऊ केला, त्याच थांबण्याने घातक द्रव्ये जन्माला घातली. चव सुधारत होती तेव्हा विष कमी होत नव्हते, त्याचे नुसते तोंड बंद होत होते.

आजीच्या लोणच्यात असे का होत नाही? कारण तिथे काळ एकटा नसतो. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते, कैरीचा आंबटपणा वाईट जंतूंना थारा देत नाही, मोहरी मदतीला असते आणि वर तेलाचा थर हवेला अडवतो. आजीने रसायनशास्त्र वाचले नव्हते, पण कोरडा चमचा, उकळलेली बरणी आणि बोटभर तेल हे नियम तिने कधी मोडले नाहीत. शिवाय एक साधी गोष्ट: बरणीत घातलेली कैरी आधीपासूनच खाण्याची वस्तू होती. काळ वस्तूला शहाणपण देत नाही. आत जे घातले असेल त्यावरच तो काम करतो.

आता त्या बाटलीकडे परत येऊ. आजच्या रूपातली ई-सिगारेट चीनमधल्या हॉन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने २००३ मध्ये तयार केली. तिच्या द्रवात मुख्यतः चार गोष्टी असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चवीची द्रव्ये आणि निकोटीन. जळत्या पानाचे डांबर आणि कोळशाचा विषारी वायू तिच्यात नसतो, हे खरे आहे, आणि इतिहासाच्या मास्तराने खरे ते सांगितलेच पाहिजे. पण त्यावरून ती पाण्याची वाफ आहे असे कुणी समजू नये.

ती बाटली अंधारात ठेवली की काय होते? ग्लिसरीन दाट असते, त्यात वासाची द्रव्ये सावकाश एकजीव होतात. झाकण उघडले की उग्र, उडून जाणारे वास निघून जातात. एवढे त्या मुलाचे बरोबर. रंग गडद होतो तो मात्र पुष्कळसा निकोटीनला हवा लागल्यामुळे. ज्याला तो चव बसल्याची खूण समजत होता, ती निकोटीन जुने झाल्याची खूण होती. आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की व्हॅनिला, दालचिनी, बदाम, चेरी असल्या वासांची द्रव्ये बाटलीत नुसती ठेवली तरी प्रॉपिलीन ग्लायकॉलशी जुळून नवी रसायने तयार होतात. ही रसायने वाफेतही उतरतात, आणि श्वासमार्गाची आग करणाऱ्या मज्जातंतूंना ती चेतवतात. वाचकहो, हे तंबाखूच्या ढिगाचेच दुसरे रूप झाले की नाही? वस्तू बदलली, मडक्याची बाटली झाली, पण मुरण्याने जिभेला एक सांगितले आणि छातीला दुसरेच दिले.

घरी मिसळण्याचा धोका तर आणखी निराळा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात एका लहान मुलाच्या पोटात निकोटीनचे द्रव गेले आणि ते मूल दगावले. २०१९ मध्ये त्याच देशात वाफ ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा एक विचित्र आजार पसरला. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २८०७ माणसे इस्पितळात गेली किंवा दगावली आणि त्यांतल्या ६८ जणांचा मृत्यू नोंदला गेला. बहुतेकांनी गांजाच्या अर्काचा चोरटा माल ओढला होता आणि तो दाट दिसावा म्हणून त्यात 'ई' जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप मिसळलेले होते, असे पुढे आढळले. पोटात घेतले तर ते निरुपद्रवी. फुफ्फुसात गेले तर प्राणघातक. कुणी मिसळले, किती मिसळले, हे ओढणाऱ्याला ठाऊकच नव्हते.

आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सर्व त्याने बंद केले. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माल साठवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा आहे, तरीही एका खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाच्या पिशवीतून ती बाटली माझ्या टेबलापर्यंत घरंगळत आली. जहांगीराची मनाई आठवते ना?

मग मी काय केले? आधी रागावलो, ते सांगितलेच. मग त्याला समोर बसवले आणि असद बेगाची गोष्ट सांगितली. नंतर विचारले, "ताजं असताना तुझा घसा काय सांगत होता?" तो म्हणाला, "नको म्हणत होता सर." मी म्हटले, "आणि मुरल्यावर?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग काहीच सांगत नाही जी."

माझ्या शिक्षक मित्रांनो, चारशे वर्षांच्या या बखरीचे सार त्या मुलाने एका वाक्यात सांगितले. गूळ, काकवी, फळांचा वास, जमिनीत पुरलेले मडके, वखारीतला ढीग, कपाटातली बाटली, या सगळ्यांचे काम एकच: शरीराचा पहिला नकार गप्प करायचा. मुलांना तुम्ही नुसते तंबाखू वाईट म्हणून सांगाल तर ती ऐकतील आणि विसरतील. ती उग्र वस्तू गोड कुणी केली, कशी केली आणि कुणाच्या फायद्यासाठी केली, हे सांगा. वर्गात एकदा लोणच्याची बरणी न्या आणि तिच्यात काय मुरते आणि का मुरते ते समजावून द्या. मग तंबाखूविषयी विचारा. मुले उत्तर स्वतः शोधतील. आणि खेड्यातल्या माझ्या वाचकांनो, घरातले पोर एखादी लहान बाटली लपवून ठेवताना दिसले तर आरडाओरडा करण्याआधी ती लहान भावंडांच्या हाती लागणार नाही असे करा. मग त्याच्याशी बोला.

ती बाटली माझ्याकडेच राहिली. तिचे काय करायचे ते दवाखान्यातल्या जाणत्या माणसाला विचारून केले, मोरीत ओतली नाही. तो मुलगा पुढच्या सोमवारी तासाला आला आणि दुसऱ्या बाकावर बसला. सोडली का, असे मी त्याला चारचौघांत विचारले नाही. काही दिवसांनी तो आपल्या आईने घातलेले लिंबाचे लोणचे एका छोट्या बरणीत घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे उघडा तुम्ही. हे मुरलं आहे."